आपल्या भागाचं लेकरू

हिंगोली जिल्ह्यात कुठंही सप्ताह बसलेला असो, रात्रीच्या भजनात एक गोष्ट ठरलेली असते. एखादं लेकरू गवळण म्हणायला उठतं. पहिल्या कडव्याला आवाज कापतो, दुसऱ्याला सापडतो, तिसऱ्याला पखवाजवालाच मान डोलवायला लागतो. मग मंडपाच्या कडेला बसलेला एखादा म्हातारा धोतर सावरत उठतो, पेटीवर नोट ठेवतो आणि आपलं नाव माईकवाल्याच्या कानात सांगतो. गवळण संपली की पुकारा होतो : अमक्या गावच्या अमक्यांकडून एकावन्न रुपये. लोक वळून बघतात. म्हातारा काही झालंच नाही असं दाखवत बसून राहतो. देणारा कोण, घेणारा कोण, किती दिले आणि कशासाठी दिले, हे चारही प्रश्न तिथल्या तिथं मिटतात.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आपल्या आवडत्या स्पर्धकाला मत पाठवताना आपणही पेटीवर नोटच ठेवतोय, असं आपल्याला वाटतं. ती नोट नेमकी जाते कुठं, पुकारा कुणाच्या नावाचा होतो आणि मुळात आपण मंडपातून उठतोच का, हे या प्रकरणात बघू.

लातूर आणि आळंदी यांच्यामध्ये

२००८ च्या उत्तरार्धात झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ सुरू झालं. ग्रामीण मराठवाड्यात ते दिवस भारनियमनाचे. सेनगाव-कळमनुरीकडच्या गावांत वीज कधी येणार यावर जेवणाची वेळ ठरायची, आणि कार्यक्रमाच्या ऐन वेळी वीज गेली की ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्याच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमायची. पल्लवी जोशी निवेदन करायची. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. गुण आकड्यांत नव्हते, सुरांत होते. बरं झालं तर ‘ध’, छान झालं तर ‘नी’, आणि काळजाला भिडलं तर ‘वरचा सा’. ज्यांनी आयुष्यात पेटीला हात लावला नव्हता त्या बायकाही दुसऱ्या दिवशी नळावर ‘काल वरचा सा पडला’ असं सांगू लागल्या.

शेवटी उरले पाच जण. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. ‘पंचरत्न’ हे नाव त्यांना तेव्हा चिकटलं ते आजही सुटलेलं नाही. ही नावं लिहिताना माझ्याही हातून गावं आधी उतरली, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. कार्यक्रमानं ती आपल्या डोक्यात तशीच बसवली होती. गाव आधी, आवाज नंतर.

या पाचांत हिंगोलीचं कुणी नव्हतं. मराठवाड्याचा एकच, रोहित. आता हिंगोलीहून लातूरला जायचं तर मधे अख्खा नांदेड जिल्हा लागतो. एरवी इकडं लातूरचं नाव निघायचं ते बारावीच्या शिकवण्यांसाठी. आणि नेमकं त्याच सुमारास महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन्हीकडची डोकी तापलेली होती. पण पडद्यावर रोहित उभा राहिला की आयुक्तालयाचा वाद कुणालाच आठवत नसे. तो ‘आपल्या भागाचा’ होता. ‘आपला भाग’ हा शब्द किती ताणला जाऊ शकतो, हे त्या हिवाळ्यात कळलं. समोर मुंबईचं कुणी असेल तर तो मराठवाड्याएवढा होतो, समोर परभणी असेल तर कायाधू नदीच्या काठाएवढा.

या जिल्ह्याच्या मनात दुसरंही एक माप होतं. नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. ‘नरसी नामदेव’ हे नावच त्यावरून पडलं. तेराव्या शतकात जन्मलेल्या या माणसाची गाणी पंजाबपर्यंत पोचली आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. अशा मुलखात आळंदीची मुलगी अभंग आणि गवळण घेऊन उभी राहते तेव्हा तिला जिल्ह्याचा दाखला लागत नाही. कित्येक घरांत त्यामुळं मतांची वाटणी झाली. पोरांचं मत भागाला, आजीचं मत माळेला.

जाता जाता एक. गाणाऱ्याच्या बाजूनं उभं राहण्याची या जिल्ह्यातली सर्वांत जुनी गोष्ट औंढ्याची आहे. इथली लोककथा अशी की नामदेव नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करत होते. पूजेला अडथळा होतो म्हणून त्यांना हटकून मागच्या बाजूला पाठवलं. तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. नंदी मागंच राहिला. गुरू ग्रंथ साहिबातल्या नामदेवांच्या पदांतही देऊळ फिरल्याचा उल्लेख आहे. परीक्षकांनी बाद केलेल्या गायकाला वाइल्ड कार्ड मिळाल्याची ही पहिली नोंद म्हणायला हरकत नाही.

८ फेब्रुवारी २००९ ला महाअंतिम सोहळा झाला आणि कार्तिकी जिंकली. आर्याच्या चाहत्यांना तो निकाल पटला नाही, रोहितच्या चाहत्यांना वाईट वाटलं, आणि आळंदीकडच्यांना यात वादासारखं काय आहे हेच कळेना. माझं मत विचाराल तर पाचही जण इतकं चांगलं गात होते की चांगलं कोण गातं हा प्रश्न जानेवारीतच निकालात निघाला होता. उरला होता तो, आपलं कोण, हा प्रश्न.

‘आपण जिंकलो’, ‘ते हरले’

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. टीव्ही तिकडंही नवाच होता. त्यांचं निरीक्षण असं की पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडं बघून बोलतो, ठरल्या वेळी घरात येतो, त्याच्या लकबी आपल्याला पाठ होतात. त्यामुळं त्याच्याशी आपली ओळख आहे असं मनाला वाटू लागतं. नातं खरं असतं, फक्त ते एकाच बाजूनं असतं. गाण्याच्या स्पर्धेत हे नातं दामदुपटीनं वाढतं, कारण तिथं माणूस नुसता दिसत नाही, आठवड्या-आठवड्याला घडताना दिसतो. पहिल्या भागात घाबरलेलं पोरगं विसाव्या भागात निवेदिकेची चेष्टा करतं. मुग्धा सगळ्यांत लहान होती. तिला पडद्यावर मोठं होताना बघितलेल्या लोकांना अजूनही तिचं लग्न झालंय हे खरं वाटत नाही. (झालंय. डिसेंबर २०२३ मध्ये, याच पाचांतल्या प्रथमेशशी. त्या दिवशी महाराष्ट्रात निम्म्या घरांना कार्याची मूळचिठ्ठी आल्यासारखं वाटलं असणार.)

दुसरा अभ्यास रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा, १९७६ चा. त्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत एक साधी गोष्ट मोजली. शनिवारी आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव छापलेले सदरे घालून येणारे विद्यार्थी वाढत. शिवाय जिंकल्यावर मुलं ‘आपण जिंकलो’ म्हणत आणि हरल्यावर ‘ते हरले’. हे वाचून मला हसू आलं, कारण आपल्या चौकातही याहून वेगळं काही ऐकू येत नाही. पोरगं पुढच्या फेरीत गेलं की ‘आपण आलो टॉप फाइव्हमध्ये’. बाहेर पडलं की ‘गाणंच चुकीचं निवडलं त्यानं’.

एकाच्या बाजूनं असण्यासाठी दुसऱ्याच्या विरोधात असावं लागतं असं मात्र नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ हा नाट्यप्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्श नाटक मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर. दोघांच्या चाहत्यांचे तट इतके पक्के की कोण कुणाला झाकतो हे बघायलाच अर्धे लोक आले असावेत. त्या रात्री निकाल लागला नाही, कारण तो लावायची सोयच नव्हती. टाळ्या आणि वन्स मोअर दोघांनाही मिळाले. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव गेले. शंभर वर्षं झाली तरी त्या प्रयोगात कोण सरस ठरलं याचा वाद घालणारी म्हातारी माणसं परवापरवापर्यंत भेटत. त्या रात्री एसएमएस असता तर तो वाद दुसऱ्या सकाळीच मेला असता, आणि कदाचित तो प्रयोगही कुणाच्या लक्षात राहिला नसता.

नोट जाते कुठं

आता पैशाची बाजू. टीव्हीवरच्या मतदानाच्या एसएमएसला जे चार-पाच आकडी क्रमांक असत, त्यांचा दर साध्या एसएमएसपेक्षा जास्त असे. मोबाइलचा पॅक कितीही मोठा मारलेला असो, तो तिथं चालत नसे. आलेल्या पैशाची वाटणी मोबाइल कंपनी, मधली तांत्रिक सेवा देणारी कंपनी आणि वाहिनी यांच्यात होई. गाणाऱ्याला त्यातून थेट काही मिळत नसे.

ही रक्कम केवढी असू शकते याचा एक हिशोब देशाच्या न्यायालयीन कागदपत्रांत आहे. तो गाण्याच्या स्पर्धेचा नाही, ‘कौन बनेगा करोडपती’च्या २००७ च्या पर्वाचा आहे, पण यंत्र तेच. शाहरुख खान सूत्रसंचालक असलेल्या त्या पर्वात ‘हर सीट हॉट सीट’ नावाची घरबसल्या स्पर्धा होती. उत्तर एसएमएसनं पाठवायचं, बरोबर उत्तरांतून एकाला २ लाख रुपये. एका एसएमएसचा दर २ रुपये ४० पैसे. आले ५ कोटी ८० लाख एसएमएस. गुणाकार केला की १३ कोटी ९२ लाख रुपये होतात. एका ग्राहक संघटनेनं तक्रार केली की बक्षिसाचा पैसा लोकांच्याच खिशातून काढला जातोय आणि त्यांना ते सांगितलं जात नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला १ कोटी रुपयांचा दंड लावला. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २०२० मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्याच पैशातून दिली गेली याचा पुरावा पुढं आलेला नाही, असं कारण देऊन. निकाल कंपन्यांच्या बाजूनं लागला, हे खरं. पण त्या निमित्तानं आकडे कागदावर आले, हा प्रेक्षकांचा फायदा.

म्हणजे मत पाठवणारे भाबडे होते का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. कार्यक्रम किती लोक बघतात हे ठरतं टीआरपीवरून. त्या काळात टीआरपी मोजणारे मीटर शहरांतल्या निवडक घरांत बसवलेले असत. खेड्यांतली घरं त्या मोजणीत धरलेलीच नव्हती. ‘बार्क’ या संस्थेनं ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये. तेव्हा २००९ साली औंढा तालुक्यातल्या खेड्यात ओसरीवर बसून तीस माणसं एक कार्यक्रम बघत असली तरी जाहिरातदाराच्या वहीत त्यांची बेरीज शून्य. त्या तिसांपैकी एकानं दोन-तीन रुपये घालून एसएमएस केला की शून्याचा एक होई. आम्ही इथं आहोत, आम्हीही बघतो आहोत, हे वाहिनीला कळवायचा त्यांच्याकडं दुसरा मार्गच नव्हता. शहरातल्या लोकांना गावांच्या मतांचं नवल वाटे. नवल याचं वाटायला हवं होतं की तोपर्यंत गावं कुणी मोजलीच नव्हती.

आता स्मार्टफोन आले, मत अ‍ॅपवरून जातं आणि बहुतेक वेळा फुकट असतं. फुकट म्हणजे खिशातून काही जात नाही एवढंच. अ‍ॅप उतरवावं लागतं, आपला मोबाइल नंबर द्यावा लागतो, आणि मतदान उघडायची वाट बघत तिथंच रेंगाळावं लागतं. पूर्वी ते आपले पैसे घेत, आता आपली हजेरी घेतात.

आणि मोजतं कोण? इथंच दक्षिण कोरियातली एक गोष्ट सांगायला हवी. ‘प्रोड्यूस एक्स १०१’ हा तिथला कार्यक्रम जुलै २०१९ मध्ये संपला. प्रेक्षकांनी मतं देऊन गायक-नर्तकांचा चमू निवडायचा होता. निकालाचे आकडे जाहीर झाले आणि चाहते वजाबाक्या करत बसले. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात फरक २९,९७८ मतांचा. तिसऱ्या आणि चौथ्यात? २९,९७८. आणखी तीन जोड्यांत? तेवढाच. योगायोगानं असं घडत नाही. चाहते पोलिसांत गेले, चौकशी झाली, निर्माता आन जून-यंग याला अटक झाली आणि २०२० मध्ये दोन वर्षांची शिक्षा. आपल्याकडं असं सिद्ध झालेलं प्रकरण नाही आणि मी कुणावर संशय घेत नाही. पण त्या निकालात आकडे जाहीर झाले होते म्हणून वजाबाकी तरी करता आली. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत विजेत्याचं नाव पुकारलं जातं, मतांचा आकडा नाही. ग्रामपंचायतीला एका मतानं पडलेल्या उमेदवाराचाही आकडा फळ्यावर लागतो.

थोड्यांचं घट्ट प्रेम

निवडणुकीत एका माणसाला एक मत. गाण्याच्या स्पर्धेत तसं नसतं. एकाच नंबरावरून अनेक मतं देता येतात, आणि नंबर तर एका घरात चार असतात. या एका फरकानं सगळं गणित बदलतं. समजा एक गायिका दहा लाख लोकांना ‘छान’ वाटते आणि त्यातला दहावा हिस्सा लोक एकेक मत देतात. एक लाख मतं झाली. दुसरा गायक फक्त पन्नास हजार लोकांना माहीत आहे, पण त्यातल्या दहा हजारांनी कमरेला पदर खोचलाय आणि प्रत्येक जण वीस मतं टाकतोय. दोन लाख. सगळ्यांना थोडा आवडणारा मागं पडतो, थोड्यांना फार आवडणारा पुढं जातो.

यातूनच ते धक्के बसतात ज्यांना वाहिन्या ‘शॉकिंग एलिमिनेशन’ म्हणतात. सगळ्यांना वाटतं हा तर येणारच, म्हणून त्याला कुणीच मत देत नाही. २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये मुर्शिदाबादकडचा एक लाजाळू मुलगा होता. अंतिम फेरीच्या आधीच प्रेक्षकांच्या मतांनी तो बाहेर पडला. त्याचं नाव अरिजित सिंह. अमेरिकन आयडॉलच्या २००४ च्या पर्वात जेनिफर हडसन सातवी आली आणि २००७ मध्ये तिनं ऑस्कर घेतलं. त्या पर्वांत त्यांच्या पुढं गेलेल्यांची नावं आज किती जणांना सांगता येतील? मला शोधावी लागली.

आपल्याच भागाला मत द्यायच्या सवयीवर युरोपात एक गमतीदार तोड काढलेली आहे. युरोव्हिजन ही तिथली देशादेशांची गाण्याची स्पर्धा. १९९७ मध्ये पाच देशांत फोनवरून मत द्यायचा प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी तो जवळपास सगळीकडं पसरला. नियम एकच : स्वतःच्या देशाला मत द्यायचं नाही. तरी लोक शेजाऱ्याला मत देतात आणि परदेशी स्थायिक झालेले आपापल्या मायदेशाला, हा भाग वेगळा. पण हा नियम इकडं लावून बघा. हिंगोलीकरानं हिंगोलीच्या पोराला मत द्यायचं नाही! मग लातूरवाल्याला गाणं ऐकूनच मत द्यावं लागेल आणि आपल्याला वसमतच्या पोरासाठी परभणीला साकडं घालावं लागेल. ते कुणी मान्य करणार नाही, पण कार्यक्रमाचे चार भाग तरी असे व्हावेत असं मला फार वाटतं.

भागाचं प्रेम किती लांब जाऊ शकतं याचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण दार्जिलिंगचं आहे. इंडियन आयडॉलच्या २००७ च्या पर्वात अखेरीस दोघं उरले : शिलाँगचा अमित पॉल आणि दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसांतला शिपाई. दार्जिलिंगच्या डोंगरात मतांसाठी वर्गण्या झाल्या, चाहत्यांच्या समित्या झाल्या, रात्र-रात्र बसून लोकांनी एसएमएस पाठवले. २३ सप्टेंबरला प्रशांत जिंकला. त्यानंतर एका एफएम रेडिओवरच्या निवेदकानं नेपाळी समाजाबद्दल केलेल्या शेऱ्यावरून सिलिगुडीत दंगल उसळली आणि लष्कर बोलवावं लागलं. मतांच्या त्या मोहिमेत बिमल गुरुंग नावाचा एक स्थानिक पुढारी आघाडीवर होता. त्याच ऑक्टोबरात त्यानं गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला, आणि वेगळ्या गोरखालँडची मागणी पुन्हा पेटली. एका गाण्याच्या स्पर्धेसाठी बांधलेली गावोगावची यंत्रणा राज्य मागण्यासाठी जशीच्या तशी कामाला आली. शिपायाच्या सुरात ते राज्य नव्हतं. लोक आधीच वाट बघत होते, फक्त एकत्र यायला त्यांना निमित्त हवं होतं.

फ्लेक्सवरचे फोटो

आपल्याकडं गोष्ट इतकी ताणली जात नाही, ती फ्लेक्सवर थांबते. आपल्या जिल्ह्यातलं एखादं लेकरू पडद्यावर दिसलं की आठ दिवसांत चौकाचौकांत फलक लागतात. फलकावर लेकराचा फोटो एक आणि शुभेच्छुकांचे चौदा. मत कसं द्यायचं हे सगळ्यांत खाली, सगळ्यांत बारीक अक्षरात, आणि कधी कधी मतदानाची वेळ संपून गेल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपल्या मातीतल्या हिऱ्याला’ असा मजकूर फिरतो. तालुक्याला आला की मिरवणूक, शाल, श्रीफळ. ज्यांनी त्या पोराला पहिल्यांदा पेटी शिकवली ते शाळेतले गुरुजी सत्कारात तिसऱ्या रांगेत बसलेले असतात.

हे सगळं खोटं असतं असं मी म्हणत नाही. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आहे. हळदीसाठी, नागनाथासाठी, नामदेवांसाठी त्याचं नाव निघतं. एरवी बातम्यांत येतो तो दुष्काळानं नाहीतर अतिवृष्टीनं. अशा ठिकाणच्या माणसानं राज्यभर दिसणाऱ्या पडद्यावर आपल्या गावाचं नाव ऐकलं तर त्याच्या अंगावर काटा येणारच. ज्यांचं नाव रोज पुकारलं जातं त्या शहरांनी याला हसू नये.

फक्त त्या लेकराच्या खांद्यावर काय चढतंय तेही बघावं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एका गाण्यात सूर लागला नाही तर तो एकट्याचा सूर राहत नाही, जिल्ह्याचा अपमान होतो. बाद झाल्यावर परत येताना मिरवणूक नसते. कार्यक्रमानं त्याची जी ‘कहाणी’ दाखवली, मोडकं घर, आईचे पाणावलेले डोळे, ती लोकांच्या लक्षात राहते; त्यानं कुठला राग मांडला होता ते नाही. इंडियन आयडॉलच्या २०२० च्या अंतिम फेरीत बठिंड्याचा सनी हिंदुस्तानी जिंकला तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांत त्याचं बूट पॉलिश आधी आलं आणि आवाज नंतर. आवाज मथळ्याला पुरेसा होता.

त्या फेरीत दुसरा कोण आला, ठाऊक आहे? लातूरचा रोहित राऊत. २००९ मध्ये लिटिल चॅम्प्समध्ये हरलेलं ते पोरगं अकरा वर्षांनी देशाच्या स्पर्धेत उपविजेता झालं. मधे अकरा वर्षं गेली. त्या काळात त्यानं काय केलं असेल? गणपतीतले कार्यक्रम, नवरात्रातले कार्यक्रम, रेकॉर्डिंग, रियाज. गाणारी बहुतेक मुलं हेच करतात, जिंकलेली आणि हरलेली दोन्ही. त्यांचं घर मतांवर चालत नाही, कार्यक्रमांवर चालतं.

म्हणून हे वाचणाऱ्या हिंगोलीकराला सांगणं एवढंच. पडद्यावर आपलं लेकरू असेल तर मत जरूर द्या. नियम वाचून द्या, वेळेत द्या, आणि ‘तो तर येणारच’ म्हणून घरी बसू नका. स्पर्धा संपून वर्ष झाल्यावर तेच लेकरू जवळपास कुठं गायला आलं तर फुकटचा पास मागू नका, तिकीट काढा. आणि आज रात्री गावात सप्ताह असेल तर जाताना खिशात एकावन्न सुटे ठेवा. काही भजनी मंडळांच्या पेटीला आता क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो, पण नाव अजून माईकवरूनच पुकारतात.